गच्चीवरचे धाविक

नूपुरने शब्द देऊन टाकला होता, तोही भर बैठकीत, उभी राहून.

"माळाच्या नोंदी मी काढून देते. बाबांच्या एकट्याच्याच एवढ्या निघतील, की वाचता वाचता साहेबांची जेवायची सुट्टी होऊन जाईल."

सगळे हसले. इंदुताई मात्र हसल्या नाहीत, नुसतं तिच्याकडे पाहत राहिल्या. अकरावीत गेल्यापासून नूपुरच्या जिभेला असे पंख फुटले होते. दहावीपर्यंत ही मुलगी हजेरी द्यायलासुद्धा अर्धंच तोंड उघडायची. आता ती मोठ्या माणसांच्या बैठकीत उभी राहत होती, आणि उभं राहिल्यावर आपला आवाज आपल्यालाच बरा वाटतो, हे तिला नुकतंच कळलं होतं.

बैठक होती धोंडबाच्या माळाची. नागपूरबाहेर, वाडीला अमरावती रोडवर ट्रकांची गोदामं संपतात, त्यांच्या पाठीमागे हा माळ. धोंडबा कोण होता, ते कुणालाच ठाऊक नाही. मुरमाड जमीन, गुडघ्याएवढं गवत, मधून उच्चदाबाच्या तारा गेलेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे काहीच दिसत नाही. नूपुरच्या बाबांना, म्हणजे गिरिधर यांना, तिथे सगळं दिसायचं. दर रविवारी पहाटे ते स्कूटर काढायचे, गळ्यात जुना कॅमेरा अडकवायचे आणि ऊन चढल्यावर मोजे कुसळांनी भरून घरी यायचे. गेल्या आषाढात ते गेले. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या.

आणि आता माळावर आणखी गोदामं येणार होती. पेपरात नोटीस आली होती, ज्याला हरकत असेल त्याने सुनावणीला यावं. इंदुताई कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पक्षी पाहणाऱ्या लोकांचा छोटा गट त्याच चालवायच्या. "नुसतं 'तिथे फार पक्षी आहेत' म्हणून भागत नाही," त्या म्हणाल्या होत्या. "कुठला, कधी, नेमका कुठे, हे दाखवावं लागतं."

ते दाखवायची सोय होती. एक साइट आहे, तिच्यावर जगभरचे हौशी लोक आपल्याला दिसलेल्या पक्ष्याचा, किड्याचा, सापाचा फोटो टाकतात. सोबत तारीख आणि नकाशावर जागा. जाणकार लोक नाव तपासून देतात. आणि मग कुणीही नकाशावर हव्या त्या जागेभोवती रेघ ओढायची, आतल्या सगळ्या नोंदी शोधायच्या आणि तक्ता उतरवून घ्यायचा. बाबा त्या साइटवर वर्षानुवर्षं नोंदी टाकत होते. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून, चष्मा कपाळावर आणि मोबाइल नाकाला लावून.

तेव्हा नूपुरचा शब्द काही हवेतला नव्हता.

महाल भागातल्या आपल्या घरी ती लॅपटॉप घेऊन बसली. आई, दामिनी, समोर मेथी निवडत होती. नूपुरने नकाशावर माळ शोधला, कडेकडेने रेघ ओढली, अगदी नाल्याच्या वळणासकट, आणि शोध दाबला.

एकही नोंद सापडली नाही.

"नेट गेलं वाटते," ती म्हणाली. नेट होतं. तिने पुन्हा रेघ ओढली, जरा ढिली. वाडीच्या कुठल्याशा गोदामावरचं एक कबूतर आत आलं, ते भलत्याच कुणाचं. माळ कोराच.

मग तिने जागेचा नाद सोडला आणि बाबांच्या नावाने शोधलं. पडदा भरभरून वाहायला लागला. धाविक, माळटिटवी, पखुर्ड्या, चंडोल, भोवत्या, तित्तिर. मातीच्या रंगाचे पक्षी मातीवर बसलेले, आधी दिसायचेच नाहीत आणि मग एकदम दिसायचे. प्रत्येक फोटोच्या अलीकडे बाबा होते ना. श्वास रोखून, गवतात पालथे.

तिने 'नकाशावर पाहा' दाबलं. सगळ्या नोंदींचा मिळून एकच ठिपका. ती नकाशा जवळ घेत गेली. नागपूर. महाल. त्यांची गल्ली. त्यांचं घर. आकाशातून घेतलेल्या चित्रात गच्चीवरची निळी टाकी ओळखू येत होती, आणि टाकीच्या शेजारी, जिथे बाबांची खुर्ची असायची, तिथे सगळा माळ एकावर एक येऊन बसला होता.

आधी तिला हसू फुटलं. साइटच्या मते त्यांच्या गच्चीवर हिवाळ्यात सैबेरियाकडून भोवत्ये उतरत होते. धाविक अंडी घालत होते. खरं तर तिथे शेजारच्या काकूंचे पापड वाळायचे आणि त्यावर पारव्यांचा डोळा असायचा.

"आई, पाह्य ना वं. बाबांनी सगळे पक्षी आपल्या घरी आणून ठेवले."

आईने मान वर केली नाही. "माहीत आहे मले."

"काय माहीत आहे?"

"तुले नाही सांगितलं त्याहीनं?" आईने काड्या एका बाजूला सारल्या. "एक डाव त्याहीनं साइटवर धाविकाचं घरटं टाकलं होतं. घरटं काय, भुईवरच अंडी राहतेत त्याची. जागा बरोबर टाकली. पुढच्या रविवारी गेले, तं तिथं गाड्याच गाड्या. फोटोवाले पोट्टे. कोणाची तरी गाडी फिरली त्या अंड्यावरून. घरी आले नं, जेवलेच नाही. दोन दिवस कोणाशी बोलले नाही."

"मग?"

"मग काही नाही. तवापासून जे टाकलं ते इथून. म्हणे, ज्याले पाह्यचं त्यानं घरी यावं, चहा घ्यावा, मग मी नेतो. चहा पिता पिता माणूस समजते म्हणे."

नूपुरला अंधुक आठवलं. रविवारी सकाळी दाराबाहेर अनोळखी बूट. बाहेरच्या खोलीत कुणी दाढीवाला, कुणी कोल्हापूरची बाई, कुणी नवराबायको दुर्बीण सांभाळत अवघडून बसलेले. तिला वाटायचं, ऑफिसातले.

"पण जागा लपवायची सोय आहे ना साइटवर. एक खूण केली की बाकीच्यांना दिसतच नाही."

"कोणीतरी सांगितलं होतं. ते म्हणाले, झाकून ठेवलं का उघडणारा येतेच."

"आणि जे घरी आले, चहा पिऊन गेले, माळावर गेले, त्यांनी तर टाकल्या असतील ना नोंदी? त्यांच्याही नाहीत तिथे."

"शब्द घेत होते ना ते. जागा लिहायची नाही म्हणून."

"सगळ्यांनी पाळला?"

आईने आता कुठे तिच्याकडे पाहिलं, जणू पोरीने काही भलतंच विचारलं. "दिला होता, तं पाळतीलच ना वं."

नूपुरने इंदुताईंना फोन लावला. बोलताना तिचा नवा आवाज कुठे गेला, तिचं तिलाच कळेना.

"मी पण आले होते गं तुमच्याकडे," इंदुताई म्हणाल्या. "तुझ्या आईनं फार गोड चहा केला होता. गिरिधरला शब्द दिला तो दिला. पण मला वाटलं होतं, एवढे लोक नेले त्यानं, निदान एखाद्यानं तरी मोडला असेल."

कुणीच मोडला नव्हता. आता त्या सगळ्यांच्या इमानाचा मिळून एक कोरा तुकडा झाला होता, आणि सुनावणी पुढच्या आठवड्यात होती.

दुसऱ्या दिवशी अदिती आली. अदिती म्हणजे नूपुरच्या बाकावरची. जगातल्या कुठल्याही अडचणीवर तिच्याकडे उपाय असायचा आणि तो नेहमी सोपा असायचा.

"काकांचा फोन आहे ना?"

होता. आई तो रोज चार्ज करायची. वाजत कधीच नव्हता, पण रात्री बंद पडलेला तिला चालायचा नाही.

"आणि साइट चालू आहे त्याच्यात? मग रडून काहून राहिली बे? सगळ्या निवड आणि उचलून टाक माळावर. एका फटक्यात होते."

"सगळ्या माळावरच्या नाहीत ना. बाबा अंबाझरीला जायचे, गोरेवाड्याला जायचे. हा गप्पीदास पक्षी कुठलाही असू शकतो."

"तो गप्पीदास येऊन सांगणार आहे का साहेबाले? तू चांगल्या कामासाठी करून राहिली, भैताड."

नूपुरने सगळ्या नोंदी निवडल्या. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात बरोबरची खूण उमटत गेली. नकाशावरचा ठिपका तिने माळाच्या मधोमध नेऊन ठेवला. फक्त 'जतन करा' उरलं होतं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या हातात बाबांसाठी करता येण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते किती हलकं होतं, बोटाएवढंच.

अदिती म्हणाली, "दाब ना."

तेवढ्यात नूपुरला सगळ्यात खालच्या ओळीत एक चिमणी दिसली. चिमणी मातीच्या वाटीच्या काठावर बसलेली, मागे निळी टाकी. खाली बाबांनी लिहिलं होतं, "नूपुरने ठेवलेल्या पाण्यावर आलेलं पहिलं गिऱ्हाईक. आमची गच्ची." तिच्यावरही बरोबरची खूण होती. तीही चालली होती माळावर.

नूपुरने सगळ्या खुणा काढल्या.

"अबे," अदिती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून उठून गेली.

मग नूपुर आणि आई दोघी मिळून बसल्या. माळावरून जाणाऱ्या तारांच्या एका टॉवरचा हात वाकडा झालेला होता, बाबा सांगायचे. वादळात कधीतरी वाकला असेल, सरळ कुणी केला नव्हता. ज्या फोटोत मागे तो वाकडा हात दिसेल, तेवढेच हलवायचे, असं नूपुरने ठरवलं. आई चष्मा लावून बारीक पाहायची. "हा आहे. हा नाही. हा पाह्य, पंखाच्या मागं जरासा दिसून राहिला." एका फोटोच्या कोपऱ्यात बाबांच्या डब्याचं झाकण आलं होतं. पुढचं चित्र लावायला आईने वेळ लावला.

फार नाही निघाले. पक्षी टिपताना बाबांनी टॉवर टाळलेलाच असणार. चांगला फोटो काढणारा टॉवर टाळतोच. तरी धाविक होते, पखुर्ड्या होत्या, एक भोवत्या होता. नूपुरने त्यांना एकेक करून गच्चीवरून उचललं आणि वाकड्या हाताच्या टॉवरखाली नेऊन सोडलं. मग पुन्हा रेघ ओढून शोधलं. माळ आता कोरा नव्हता.

तक्ता उतरवताना साइट विचारते, कुठले कुठले रकाने हवेत. नाव, तारीख, जागा, फोटो, कुणी नोंदवलं, कुणी तपासलं, शेवटचा बदल केव्हा झाला. नूपुरने सगळेच निवडले. काही राहून जायला नको, म्हणून.

सुनावणीची खोली लांबट होती आणि पंखा कुरकुरत होता. साहेब मध्यमवयीन, बोलायला मऊ. गोदामवाल्यांच्या बाजूने एक वकील होते, तेही काही ओरडणारे नव्हते. इंदुताईंनी तक्ता पुढे ठेवला आणि माळाबद्दल असं बोलल्या, की नूपुरला वाटलं, झालंच आता. साहेबांनी धाविकाचा फोटो डोळ्यांजवळ धरला. "हा आपल्या इकडे असतो?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं.

वकील पानं उलटत होते. "साहेब, हा शेवटचा रकाना. बदल केल्याची तारीख. ती मागच्या आठवड्यातली आहे, सगळ्यांचीच. आणि नोंदवणारे गृहस्थ," त्यांनी इंदुताईंच्या अर्जाकडे पाहिलं, "कैलासवासी आहेत."

नूपुर उभी राहिली. "मी केला बदल. मी त्यांची मुलगी."

"काय बदललंत?"

"जागा. बाबांनी जागा घराची टाकली होती. कुणी जाऊन अंडी तुडवू नये म्हणून. मी ती बरोबर केली."

"हे फोटो काढले तेव्हा तुम्ही सोबत होता?"

"नाही."

"मग जागा बरोबर आहे हे कशावरून?"

"टॉवरवरून. त्याचा हात वाकडा आहे."

वकिलांनी मान हलवली, हसले नाहीत. "टॉवर तर अमरावतीपर्यंत आहेत, बेटा. वाकडे किती आहेत ते मलाही ठाऊक नाही, तुलाही नाही."

साहेबांनी तक्ता बंद केला, अगदी सावकाश. "तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. पण गेलेल्या माणसाच्या नोंदी नंतर हलवल्या, तर मला त्या धरता येत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या आहेत का या जागेच्या? स्वतः पाहिलेल्या, तेव्हाच लिहिलेल्या?"

इंदुताई उभ्या राहिल्या. "मी गेलेली आहे तिथे. पुष्कळ जण गेलेत. लिहिलं कुणीच नाही."

"का?"

"शब्द दिला होता त्याला."

साहेबांनी पेन उचललं, काहीतरी लिहावं म्हणून कागदाशी नेलं आणि तसंच थांबले. ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची, ते त्यांनाही सुचलं नसावं.

हरकत नामंजूर झाल्याचं पत्र पुढे रीतसर आलं, पण सगळ्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं. जिना उतरताना नूपुर मधल्या पायरीवर बसली.

"मी तो रकाना निवडला नसता तर?"

इंदुताई तिच्या शेजारी टेकल्या. गुडघे धरून, हळूच. "तर मी स्वतः सांगितलं असतं, की जागा आपण हलवल्यात."

"मला माहीत आहे."

"मग विचारलंस का?"

नूपुरने बॅग पोटाशी घट्ट धरली आणि ती रडली. बाबा गेले त्या दिवशी लोक होते, धावपळ होती, आईला धरायचं होतं. आज काहीच करायचं उरलं नव्हतं. ये-जा करणारी माणसं बाजूने जात होती. इंदुताई तिच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

"त्या हलवलेल्या परत घरी आणू का?" तिने मग विचारलं.

"राहू दे तिथेच. खऱ्या जागी आहेत. उद्या कुणी शोधलं तर निदान कळेल, इथे काय होतं."

उन्हाळा लागायच्या सुमारास एका रविवारी नूपुर आईला स्कूटरवर मागे बसवून माळावर गेली. गोदामांच्या मागे हिरव्या पत्र्याचं कुंपण उभं राहिलं होतं, एका ठिकाणी अजून उघडं. आतलं गवत गेलं होतं. जेसीबी सुट्टीवर असल्यासारखा एकीकडे तोंड खाली घालून उभा होता. जमीन लोटून लोटून सपाट केलेली.

आई वाकड्या हाताच्या टॉवरकडे पाहत होती. "हाच का तो?"

"तू कधीच नाही आली इथं?"

"मी आली असती, तं चहा कोणं केला असता?"

मग नूपुरला ते दिसले. धाविकाची जोडी. ताज्या मुरमावर तुरुतुरु पळायची, एकदम थांबून ताठ उभी राहायची, पुन्हा पळायची. उघडी जमीन त्यांना आवडते, बाबा सांगायचे. लोटलेली जमीन आणि आपला माळ, यातला फरक त्यांना अजून कळला नव्हता.

बाबांचा नियम होता, माळावर मोबाइल खिशाबाहेर काढायचा नाही. नूपुरने काढला. फोटो धूसर आला. साइटने जागा विचारली आणि तिने जिथे उभी होती तीच जागा टाकली, कुणाला शब्द न देता, काही न लपवता. आता येऊन कुणी काय तुडवणार होतं? नकाशावर तिचा ठिपका उमटला, बाबांच्या ठिपक्यांना लागून. तिच्या नावाची ती पहिली नोंद. आईने तिच्या ओढणीला लागलेलं एक कुसळ काढलं, आणि टाकलं नाही, मुठीत ठेवलं.

पुढे काही दिवसांनी बाबांचा फोन वाजला. तो वाजतो हे दोघी विसरल्या होत्या. आईच्या हातातलं झाकण खाली पडलं. साइटवर कुणीतरी बाबांच्या जुन्या नोंदीखाली लिहिलं होतं. गच्चीवर राहिलेल्यांपैकी एक धाविक, ज्याच्या मागे टॉवर आला नव्हता.

"सर, मी अकोल्याचा. हा पक्षी मी कधीच पाहिला नाही. जागा शहरात दाखवते, तेव्हा चुकून पडली असावी. नेमकी कुठे आहे, सांगाल का?"

नूपुर फोन घेऊन गच्चीवर गेली. टाकीजवळ बाबांची खुर्ची तशीच होती. शेजारच्या पापडांवर पारवे उतरत होते. बाबा अशा प्रश्नांना काय लिहायचे, ते तिने आता शंभरदा वाचलं होतं. तीन लहान वाक्यं, नेहमी तीच. ती तसंच लिहायला लागली.

"घरी या. चहा घ्या. मग नेतो."

तिसरं वाक्य तिने पुसलं, आणि पाठवून दिलं.